उतरताना प्रवासी घेणार नाही

डोंगरावर जाणाऱ्या माणसाला निसर्गाची फार ओढ असते, पण ती ओढ त्याला घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालवत नाही. तिथवर त्याला गाडीच लागते. शुद्ध हवा खायला निघालेला हा प्राणी तास-दीड तास धूर सोडत येतो, पायथ्याच्या शेवटच्या गल्लीत कुणाच्या तरी फाटकासमोर गाडी उभी करतो, खाली उतरून हातपाय ताणतो आणि "वा, काय शांतता आहे!" असं इतक्या मोठ्यांदा ओरडतो की गल्लीतली झोपलेली माणसं दचकून उठतात. मग विसरलेली टोपी, विसरलेली बाटली आणि विसरलेली काठी काढायला तो गाडीचं दार तीनदा आपटतो आणि शांततेच्या शोधात वर निघून जातो. गाडी दुपारपर्यंत फाटकासमोर राहते.

ज्या फाटकासमोर ती राहते ते फाटक टाइमटेबल यांचं.

टाइमटेबल हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी बसच्या डेपोत वेळापत्रकं आखली. निवृत्त झाल्यावर आखायला बस उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घर आखायला घेतलं. उठणं सहा दहाला. चहा अकरा मिनिटं. वर्तमानपत्र सव्वीस मिनिटं. जेवण पाऊण वाजता. बायकोशी बोलायला जेवणाआधी सात मिनिटं राखीव होती, पण वर्तमानपत्र उशिरा आलं की त्याचा उशीर याच सात मिनिटांतून भरून काढला जाई. गल्ली त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणे आणि पाठ वळली की टाइमटेबल. त्यांना हे माहीत होतं. ते याला गौरव समजत.

आता या सगळ्या प्रकरणात खरं महत्त्व कशाला होतं ते आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे टाइमटेबल स्वतःच ते विसरणार आहेत. त्यांची बायको गावातल्या गायनवृंदात गात असे. तीन वर्षं मागच्या ओळीत उभी राहून गायल्यावर तिला आता एकटीने गायच्या चार ओळी मिळाल्या होत्या. कार्यक्रम चार महिन्यांनी, नगरसभागृहात, रविवारी सकाळी दहाला. तालमीही रविवारीच, नऊ वाजता. आणि रविवारीच फाटकासमोर कुणाची तरी गाडी. बायको दोन तालमींना उशिरा पोहोचली, तेव्हा वृंदाच्या संचालिकाबाई तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कार्यक्रमाच्या दिवशी साडेनऊच्या पुढे एक मिनिट झालं, तर तुमच्या ओळी दुसरी कुणी गाईल."

घरी येऊन बायको टाइमटेबल यांना म्हणाली, "मला दुसरं काही नको. त्या दिवशी मला वेळेवर पोहोचवा आणि पहिल्या रांगेत बसून ऐका."

"वेळेवर?" टाइमटेबल हसले. "अगं, वेळ हा माझा धंदा आहे."

मुळात त्यांना आपलं फाटक तेवढं मोकळं करायचं होतं. या फाटकासमोर सर्वांत नेमाने येणारी गाडी निळ्या रंगाची होती. टाइमटेबल यांनी तिच्या काचेवर चिठ्ठी लावली : 'महोदय, हे फाटक आहे. फाटक उघडण्यासाठी असते. कृपया नोंद घ्यावी.' दुपारी तीच चिठ्ठी फाटकाला खोचलेली सापडली. मागे लिहिलं होतं, 'नोंद घेतली. माफ करा, दुसरीकडे जागा नव्हती.' पुढच्या रविवारी त्यांनी चार मुद्द्यांची चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं, 'चारही मुद्दे पटले. आजही जागा नव्हती.' तिसऱ्या चिठ्ठीत त्यांनी नागरिकाचं कर्तव्य, समाजाचा ऱ्हास वगैरे बाबींवर दोन्ही बाजूंनी झोड उठवली. कागदावर जागाच उरली नव्हती, म्हणून निळ्या गाडीवाल्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'अक्षर फार सुंदर आहे तुमचं.' टाइमटेबल क्षणभर सुखावले, आणि आपण सुखावलो याचाच त्यांना जास्त संताप आला.

तुम्ही म्हणाल, समोरासमोर जाऊन का नाही भांडले? तर निळ्या गाडीवाला यायचा पावणेसहाला, आणि टाइमटेबल उठायचे सहा दहाला. तो परतायचा पाऊण वाजता, तेव्हा टाइमटेबल पानावर बसलेले असायचे. वेळापत्रक मोडून भांडायला जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

चिठ्ठ्या हरल्यावर त्यांनी फाटकासमोर मोठ्या कुंड्या मांडल्या. डोंगरावर जाणारी माणसं सुसंस्कृत असतात. त्यांनी कुंड्या उचलून एका बाजूला ओळीत लावल्या, गाडी उभी केली, आणि त्यातल्या एका बाईंनी सुकलेल्या रोपांना आपल्या बाटलीतलं पाणीही घातलं. मग टाइमटेबल यांनी लोखंडी खांबावर पाटी ठोकली. त्या खांबाला लोक सायकली बांधायला लागले, आणि परतणारे लोक पाटीवर ओले मोजे वाळत घालायला लागले. एकदा तर तिथे एक अख्खा सदरा वाळत होता, आणि सदऱ्याचा मालक दुपारी येऊन बेल वाजवून विचारत होता की दुसरा मोजा आत पडलाय का.

इथपर्यंत हे एका घराचं दुखणं होतं. पण गल्ली म्हटली की शेजारी आले आणि शेजारी म्हटले की सल्ले आले. समोरच्या घरात दाताचे डॉक्टर राहत. जगातल्या सगळ्या अडचणी किडलेल्या दातासारख्या असतात अशी त्यांची ठाम समजूत होती.

"साहेब, वरवर भरून चालणार नाही," ते म्हणाले. "मुळापासून काढायला पाहिजे."

"काय काढायला पाहिजे?"

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त पद्धत सांगितली."

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात 'पायथा वाहतूक सुधार समिती' स्थापन झाली. दिवाणखाना मोठा म्हणून डॉक्टर अध्यक्ष आणि अक्षर चांगलं म्हणून टाइमटेबल चिटणीस. पहिल्या तीन बैठका समितीच्या नावातला 'सुधार' हा शब्द ठेवायचा की 'सुधारणा' करायचा यावर गेल्या. चौथ्या बैठकीत दोन सभासदांचं बोलणं बंद झालं. पाचव्या बैठकीत असं ठरलं की साहेबांनी सरकारी कचेरीत जाऊन काय ते करून यावं.

वाहतूक कचेरीत टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, उलटा केला, मागची कोरी बाजूही वाचली आणि परत दिला.

"गाड्या चालत्या आहेत की उभ्या?" बाईंनी विचारलं.

"उभ्या. तीच तर तक्रार आहे."

"मग आमच्याकडे नाही. आमच्याकडे चालत्या गाड्या. उभ्या गाड्या दुसऱ्या मजल्यावर."

"अहो, पण ती चालत येते आणि मग उभी राहते. त्या मधल्या वेळेचं काय?"

बाईंनी प्रथमच त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "त्याला दोन्ही मजल्यांच्या सह्या लागतात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावर कळलं की रस्ता त्यांचा असला तरी डोंगर जंगल खात्याचा आहे. गाड्या डोंगरामुळे येतात, तेव्हा आधी डोंगराची परवानगी आणा. जंगल खात्यात कळलं की झाडं त्यांची आहेत, पायवाटेचं त्यांना काही माहीत नाही. खाली गावाच्या वेशीवर एक मोकळं मैदान होतं, ते क्रीडा खात्याचं निघालं. तिथल्या साहेबांनी मैदानावर गाड्या लावणं हा कुठल्या खेळात मोडतो असं लेखी विचारलं. दुसरा कुणी असता तर हात टेकून घरी बसला असता. पण टाइमटेबल यांच्या अंगात चौतीस वर्षं मुरलेला डेपो जागा झाला. या माणसांना एक फाटक दिसत नाही ना? ठीक आहे, आपण यांना सबंध डोंगर दाखवू.

असा त्यांनी आराखडा करायला घेतला. तीन रविवार ते फाटकाबाहेर खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन, येणारी-जाणारी माणसं मोजत बसले. पहिल्या रविवारी बायको तयार होऊन बाहेर आली. "चला, नऊची तालीम आहे."

"श्श! मोजतोय," टाइमटेबल म्हणाले.

ती तीन किलोमीटर चालत खाली गेली, मैदानापासून टॅक्सी केली आणि तालमीला गेली. पुढच्या रविवारी तिने विचारलंही नाही. चार महिने ती स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, कपडे वाळत घालताना त्याच चार ओळी घोळवत होती, आणि टाइमटेबल पलीकडच्या खोलीतून ओरडत होते, "जरा हळू! बेरीज चुकते!" ज्या गाण्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्याच गाण्याचा त्यांना खटाटोपात त्रास व्हायला लागला होता. समाजकार्य करणाऱ्या माणसाची कुऱ्हाड ही अशी पहिल्याप्रथम घरावर चालते.

आराखडा एक्केचाळीस पानांचा झाला. सकाळी वरच्या रस्त्यावर बाहेरच्या गाड्यांना बंदी. सगळ्यांनी खालच्या मैदानात गाड्या लावायच्या. तिथून दर बारा मिनिटांनी छोटी बस लोकांना पायथ्याशी सोडेल. चार बस हव्या होत्या, कचेरी तीनच देत होती. टाइमटेबल यांनी दोन रात्री डोकं चालवून तो पेच सोडवला. तीन रविवारच्या मोजणीत दुपारी बाराच्या आधी डोंगरावरून खाली उतरणारा माणूस एकही नव्हता. मग सकाळी उतरताना बसने प्रवासी घ्यायचेच कशाला? वर माणसं सोडायची, वळायचं, आणि रिकामी फेरी मारून सरळ खाली. फेरीमागे चार मिनिटं वाचतात, तीन बस पुरतात. त्यांनी तो नियम स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिला आणि खाली दोन ओळींची जागा सोडून झोकदार सही केली. एकच बारीक गोष्ट राहून गेली. त्यांनी डोंगरावर येणारी माणसं मोजली होती. डोंगरापाशी राहणारी माणसं मोजली नव्हती.

हा आराखडा कचेरीत खितपत पडला असता. पण वाहतूक खात्याचे सर्वांत मोठे साहेब एका रविवारी सहकुटुंब डोंगरावर आले, त्यांना गाडी लावायला जागा मिळाली नाही, आणि सोमवारी दोन्ही मजल्यांच्या सह्या झाल्या. पत्र आलं. योजना अमुक रविवारपासून सुरू करावी. टाइमटेबल यांनी तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. तो कार्यक्रमाचाच रविवार होता.

"तारीख बदलून घ्या," बायको म्हणाली.

"सरकारी तारीख आहे ती! आणि अडचण काय आहे? बघ. आठ चाळीसला बस वर येते. त्या बसने आपण आठ बावन्नला मैदानात. तिथून आपली गाडी. नऊ पंधराला सभागृह. साडेनऊच्या आधी पंधरा मिनिटं शिल्लक."

"पण आपली गाडी तर फाटकाच्या आत असते."

टाइमटेबल मंद हसले. नागरिकांपुढे उदाहरण घालून द्यायचं म्हणून ते आदल्या संध्याकाळीच गाडी मैदानात नेऊन लावणार होते. जागा क्रमांक एक. त्यांनी तशी पाटीही रंगवली होती. नवऱ्याने एकदा मिनिटांत बोलायला सुरुवात केली की त्यात आपल्याला जागा नसते, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

रविवार उजाडला. टाइमटेबल चार वाजता उठले, म्हणजे आयुष्यात प्रथमच त्यांनी वेळापत्रक मोडलं. दंडाला 'स्वयंसेवक' लिहिलेली पिवळी पट्टी बांधून ते वरच्या थांब्यावर उभे राहिले. मैदान दाताच्या डॉक्टरांकडे सोपवलेलं होतं. सात वाजून चार मिनिटांनी पहिली बस आली, आणि मग बारा-बारा मिनिटांनी बस येतच राहिल्या. गल्लीत एकही गाडी नव्हती. फाटकासमोरचा रस्ता इतका रिकामा होता की टाइमटेबल यांनी उगाचच फाटक तीनदा उघडून लावून पाहिलं.

साडेआठला बायको बाहेर आली. तिने कार्यक्रमाचे कपडे घातले होते, हातात गाण्याची वही होती, आणि ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. आठ चाळीसला, एक सेकंदही इकडेतिकडे न होता, बस आली. माणसं उतरली. टाइमटेबल बायकोला पुढे घालून दाराशी गेले. दार त्यांच्या नाकासमोर बंद झालं.

"अहो, उघडा!" त्यांनी काचेवर टकटक केलं.

चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. टाइमटेबल यांना तो चेहरा ओळखीचा वाटला.

"उतरताना प्रवासी घेणार नाही, साहेब."

"अहो, ही माझी बायको आहे."

"नमस्कार, वहिनी," चालक अदबीने म्हणाला. दार काही उघडलं नाही. त्याने डोक्यावरच्या फटीतून एक घडी घातलेला कागद काढला. "नियम पाच. दुपारी बारापर्यंत उतरताना प्रवासी घेणार नाही. खाली सही आहे. तुमचीच ना?"

सही टाइमटेबल यांचीच होती. इतकी झोकदार सही दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

"हो, पण आज अपवाद करा! तिचा गाण्याचा कार्यक्रम आहे."

"अपवाद," चालक म्हणाला, आणि तो शब्द त्याने तोंडात जरा घोळवला. "नऊ वर्षांपूर्वी मी डेपोत होतो, साहेब. एका आजीबाईंना थांब्याच्या वीस पावलं आधी उतरवलं होतं. पाय दुखत होते त्यांचे. तुमच्या सहीचा मेमो आला मला. त्यात तुम्ही लिहिलं होतं, अपवाद हा वेळापत्रकाचा शत्रू आहे. पाठ आहे मला."

टाइमटेबल यांना मेमो आठवला नाही. असे मेमो त्यांनी शेकड्यांनी लिहिले होते. वाक्य मात्र आठवलं, आणि अशाही परिस्थितीत ते त्यांना चांगलं वाटलं.

"अहो, वाजले किती?" बायकोने विचारलं. तिचा आवाज आता गाण्याचा राहिला नव्हता.

"आठ त्रेचाळीस."

"मग काहीतरी करा ना!"

टाइमटेबल यांनी डोळे मिटले आणि आराखड्याची एक्केचाळीस पानं मनातल्या मनात भराभर उलटली. नियम सात! रिकाम्या फेरीत कर्मचारी व पट्टीधारी स्वयंसेवक प्रवास करू शकतील. त्यांनी दंडावरची पट्टी ओढून काढली आणि बायकोच्या दंडावर, कार्यक्रमाच्या कपड्यांवरच, करकचून बांधली.

"स्वयंसेवक आहे ही," ते म्हणाले.

"मग प्रश्नच नाही," चालक म्हणाला आणि त्याने दार उघडलं. "या वहिनी, सांभाळून. पायरी उंच आहे."

तिच्यामागून टाइमटेबल यांनी पायरीवर पाय ठेवला.

"आपण कोण?" चालकाने विचारलं.

"मी?"

"पट्टी दिसत नाही."

पट्टी एकच होती. बाकीच्या पट्ट्या मैदानात डॉक्टरांकडे होत्या. ज्या माणसाने सबंध योजना जन्माला घातली त्याला त्या योजनेत दंडावरच्या चिंधीखेरीज काही स्थान नव्हतं, ही गोष्ट टाइमटेबल यांच्या ध्यानात पायरीवर एक पाय असताना आली. ते खाली उतरले. "तू हो पुढे! गाडी घेऊन जा, मी येतोच मागून!" ते ओरडले. बस वळली आणि निघून गेली. रुमाल काढायला त्यांनी खिशात हात घातला, तर हाताला गाडीची किल्ली लागली.

त्यांनी बायकोला फोन लावला. सभागृहात वाजू नये म्हणून तिने तो घरातूनच बंद करून घेतला होता. मग टाइमटेबल चालायला लागले. तीन किलोमीटरचा उतार. समोरून, बसची रांग नको म्हणून चालत निघालेली हौशी माणसं येत होती, आणि त्यातला प्रत्येक जण विचारत होता, "काका, वर अजून किती राहिलं?" एरवी त्यांनी मिनिटांत सांगितलं असतं. आज ते म्हणाले, "माहीत नाही." दर बारा मिनिटांनी मागून एक बस येई, संपूर्ण रिकामी, अगदी वेळेवर, आणि त्यांच्या अंगावर धूळ उडवून पुढे जाई. तिसऱ्या बसचा चालक तोच होता. त्याने हात हलवला. उन्हात, घामाने भिजलेल्या सदऱ्यात, स्वतःच आखलेली वेळ अशी काटेकोर पाळली जाताना पाहून माणसाला रडू येऊ शकतं हे टाइमटेबल यांना त्या दिवशी कळलं.

ते मैदानात पोहोचले तेव्हा नऊ चाळीस झाले होते. फाटकाशी दाताचे डॉक्टर उभे होते आणि आनंदाने फुलून गेले होते.

"साहेब, दोनशे चौदा गाड्या! एक इंच जागा वाया घालवली नाही. तुमच्या नकाशाप्रमाणे भिंतीपासून भरत आलो."

"माझी बायको कुठे आहे?"

"वहिनी? आल्या होत्या. किल्ली नव्हती त्यांच्याकडे. टॅक्सीला फोन केला, तर येणाऱ्या गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत, तो म्हणाला तासभर लागेल. बिचाऱ्या रडायच्याच बेतात होत्या. तेवढ्यात एक निळी गाडी आली. मी सांगितलं मैदान भरलं, परत जा. बस सातच्या पुढे म्हणून आज उशिरा निघाला म्हणे, तासभर रांगेत उभा होता, पण भांडला नाही हो. गाडी वळवत होता तेव्हा वहिनीच पुढे झाल्या आणि त्याच्या काचेवर टकटक केलं. गेल्या त्याच्याबरोबर."

"निळी गाडी?" टाइमटेबल यांनी विचारलं.

"निळी. का हो, ओळखीचा आहे?"

टाइमटेबल जागा क्रमांक एककडे धावले. अजून वीस मिनिटं होती. गाडी काढली तर निदान तिच्या चार ओळी कानावर पडल्या असत्या. गाडी भिंतीला चिकटून उभी होती, आणि तिच्यापुढे दोनशे तेरा गाड्या, एकीला एक लागून, उभ्या होत्या. डेपोत बस अशाच लावतात. तिथे कुठली बस कधी सुटणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं, आणि त्या क्रमानेच त्या उभ्या केल्या जातात. डोंगरावर गेलेली माणसं मात्र पाय दुखले की उतरतात, आणि कुणाचे पाय कधी दुखतील याचं वेळापत्रक टाइमटेबल यांनाही करता आलं नव्हतं. ते अंग चोरून, पोट आत घेऊन गाडीत शिरले आणि चाकामागे बसून राहिले. बसण्यासारखं दुसरं काही तिथे नव्हतंही.

साडेबारापासून माणसं उतरायला लागली. ज्याची गाडी मधे अडकलेली, त्याने आधी हॉर्न वाजवला, मग आजूबाजूला पाहिलं, आणि सबंध मैदानात गाडीत बसलेला माणूस एकच दिसला, तेव्हा तो टाइमटेबल यांच्याकडे आला. "अहो, अक्कल आहे का? ही काय गाडी लावायची जागा झाली?" एक बाई काचेतून म्हणाल्या, "कुणी आखलंय हो हे सगळं?" टाइमटेबल म्हणाले, "कल्पना नाही." डॉक्टर केव्हाच जेवायला निघून गेले होते.

दीडच्या सुमाराला निळी गाडी मैदानाच्या फाटकाशी थांबली. बायको उतरली, आतल्या माणसाशी वाकून दोन शब्द हसून बोलली, आणि गाड्यांच्या फटींमधून वाट काढत टाइमटेबल यांच्यापर्यंत आली. दंडावर पिवळी पट्टी तशीच होती.

"पोहोचलीस?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"नऊ अठ्ठावीसला. पट्टी सोडायलासुद्धा वेळ नव्हता, तशीच गायले. संचालिकाबाईंना वाटलं, हल्ली काहीतरी नवीन पद्धत आहे." ती घसा बसलेल्या, पण फार खूश आवाजात बोलत होती. "पहिल्या रांगेत तुमची खुर्ची रिकामी होती. मग मी त्यांनाच म्हटलं, बसा. इतकं मन लावून ऐकलं हो त्यांनी. डोळे पुसत होते शेवटी."

टाइमटेबल यांना काहीतरी तिखट बोलायचं होतं. नागरिकाचं कर्तव्य वगैरे तयार होतं जिभेवर. पण ते त्यांनी गिळून टाकलं. आपल्या खुर्चीत तो माणूस बसला, आणि तिथे बसायला आपल्यापेक्षा तोच लायक होता, हे त्यांना लखलखीत दिसलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"चांगलं झालं ना गाणं?" ते हळूच म्हणाले.

"कुठलं गाणं?" बायकोने विचारलं.

ती मुद्दामच विचारत होती. टाइमटेबल यांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षांतल्या सगळ्या फेऱ्या, थांबे, सुटायच्या वेळा त्यांना अजून तोंडपाठ होत्या. भिंतीपलीकडून चार महिने ऐकलेल्या चार ओळींतला पहिला शब्दही त्यांना आठवेना.

बायकोने दंडावरची पट्टी सोडली आणि खिडकीतून त्यांच्या मांडीवर टाकली.

"त्यांना आता येतं ते. येताना सबंध रस्ताभर गुणगुणत होते," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या रविवारी त्यांनाच विचारा. आपल्या फाटकासमोर गाडी लावणार आहेत ते. मी सांगितलंय."